एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला. चालत जाणाऱ्यांनी जायचं कुठून?

गिरणगावकर (धागाकर्ता)
१४ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:१२

शुक्रवारी मध्यरात्री आमचा पूल बंद झाला. शनिवारी सकाळी आईला घेऊन निघालो, तेव्हा बॅरिकेड लागलेले, पोलीस उभे आणि दोन्ही बाजूंना माणसं नुसती बघत थांबलेली.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मध्य रेल्वेवरचं परळ आणि पश्चिम रेल्वेवरचं प्रभादेवी (२०१८ पर्यंतचं एल्फिन्स्टन रोड) ही स्टेशनं शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या रुळांवरून जाणारा शंभरी ओलांडलेला हा पूल. पश्चिमेला सेनापती बापट मार्ग, गिरण्यांच्या जागेवर उभी राहिलेली कार्यालयं आणि वरळीकडचा रस्ता. पूर्वेला डॉ. आंबेडकर मार्ग आणि केईएम, टाटा, वाडिया ही इस्पितळं. शिवडी-वरळी जोडरस्ता अटल सेतूला जोडायचा आहे, तो साडेचार किलोमीटरचा मार्ग इथून जाणार. म्हणून जुना पूल पाडून दुमजली पूल बांधायचाय. खालून आपली पूर्व-पश्चिम वाहतूक, वरून जोडरस्ता. मुदत दोन वर्षांची सांगितली आहे.

आईचं वय ७८. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आता आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी पूर्वेच्या इस्पितळात न्यावं लागतं. आम्ही पश्चिमेला राहतो. वॉकर घेऊन, मधे दोनदा थांबून, ती हा पूल वीस मिनिटांत पार करायची. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की जमेल तितकं चालू द्या. पुलाच्या मध्यावर कठड्याला टेकून लोकल बघायची, दम खायची आणि पुढे निघायची. शनिवारी टॅक्सी केली. करी रोडवरून वळसा घालून पोचायला पन्नास मिनिटं लागली आणि तिची वेळ टळली. स्टेशनच्या पादचारी पुलावरून न्यायचा विचार केला होता, पण पायऱ्या बघून तीच म्हणाली, "नको रे, मधेच बसावं लागलं तर मागची माणसं अंगावर येतील."

तिचं हे वाक्य डोक्यातून जात नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला याच स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. इथल्या प्रत्येक घराला तो शुक्रवार आठवतो.

२५ एप्रिलला पूल बंद होणार होता, तेव्हा मी रस्त्यावर उतरलेल्यांत होतो. त्या रात्री पूल बंद झाला नाही. "विकासाला विरोध करणारे" असं तेव्हा खूप ऐकून घेतलं. माझा नव्या पुलाला विरोध नव्हता, आजही नाही. पूल जुना झालाय हे खालून जाताना डोळ्यांना दिसतं. माझं म्हणणं तेव्हाही एवढंच होतं: गाड्या वळवता येतात, चालणारा माणूस वळवता येत नाही. गाडीला तीन किलोमीटर म्हणजे पेट्रोल आणि वेळ. वॉकर धरलेल्या बाईला तीन किलोमीटर म्हणजे घरी बसणं. पुलाला हात लावण्याआधी शेजारी पायी जायची सोय करा, मग खुशाल पाडा.

तुमच्या भागात असा पूल बंद झाला तेव्हा काय झालं? लोकांनी काय मागितलं आणि त्यातलं काय मिळालं? मला खरंच जाणून घ्यायचंय.

---

गर्डर
१४ सप्टेंबर, १०:४०

पुलांच्या कामात बावीस वर्षं आहे. या प्रकल्पाशी माझा संबंध नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आईंची अडचण मनापासून समजते. तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे अशा जुन्या पुलांचे गर्डर, म्हणजे भार पेलणाऱ्या तुळया, रिव्हेट मारलेले पोलादी असतात. खालची बाजू दिसते तेवढीच धोक्याची नसते. डांबराखालचे पत्रे, बेअरिंग, भिंतीत गेलेली टोकं या जागा पाणी धरतात आणि आतून गंजतात. रंग मारून ते थांबत नाही. मुंबईतल्या लोकल पूर्वी १५०० व्होल्टवर चालायच्या, आता २५ हजारांवर. वायर आणि पूल यांतलं अंतर जुन्या मापाचं आहे. हँकॉक काय, कर्नाक काय, पाडावे लागले त्यात गंजाइतकाच या उंचीचाही वाटा होता.

दुसरी गोष्ट, "अर्धा चालू ठेवा, अर्धा पाडा" ही मागणी. अंधेरीचा गोखले पूल रुंद, म्हणून तिथे आधी एक बाजू बांधून सुरू करता आली. इथे पूल अरुंद आहे, दोन्ही अंगांना इमारती खेटून आहेत आणि खालून एका नव्हे तर दोन रेल्वेंचे रूळ जातात. प्रत्येक ब्लॉकसाठी, म्हणजे कामापुरत्या गाड्या थांबवायला, मध्य आणि पश्चिम दोघांची संमती लागते. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली येईपर्यंत हातात जेमतेम तीन तास. त्यात वायरचा वीजपुरवठा तोडा, क्रेन लावा, तुकडा कापा, उतरवा, वायर पुन्हा जोडा. पाव तास उशीर झाला की सकाळी लाखो माणसं फलाटावर अडकतात.

एप्रिलमध्ये काम सुरू झालं असतं तर पावसाळ्याआधी वरचा थर निघाला असता. विरोधामुळे ते महिने गेले, हेही लिहून ठेवायला हवं.

---

रात्रपाळी
१४ सप्टेंबर, दुपारी २:०५

मी परळच्या एका इस्पितळात परिचारिका आहे, विरारला राहते. प्रभादेवीला उतरून पूल चालून ड्यूटीला जायचे. माझ्यासारख्या शेकडो जणी आहेत. आमचं काय, जिने चढू. मला काळजी वाटते ती पेशंटची.

टाटाला आणि केईएमला पालघर, डहाणू, वसईकडून किती माणसं येतात ते सकाळी सात वाजता त्या पुलावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, डोक्याला रुमाल, नाकावर मास्क. केमो घेऊन परत निघालेला माणूस. त्याला टॅक्सी परवडत नाही आणि या भागात रिक्षा चालत नाहीत, त्या शीव-माहीमच्या पलीकडेच. तो दर शंभर पावलांवर थांबतो. पूल सपाट होता म्हणून थांबता यायचं. जिन्यावर थांबायला जागा कुठे?

दोन्ही स्टेशनांबाहेर रुग्णवाहिका ठेवणार असं जाहीर झालंय, चांगलं आहे. पण रुग्णवाहिका अत्यवस्थ माणसासाठी असते. आठवड्याला रक्त तपासायला येणारा माणूस रुग्णवाहिका मागत नाही, तो येणंच बंद करतो. मग तीन महिन्यांनी आमच्याकडे येतो तो वेगळ्याच अवस्थेत.

---

सावित्रीकाठ
१४ सप्टेंबर, ४:३०

महाडचा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला. दोन एसटी आणि इतर गाड्या अंधारात थेट नदीत. पुढचे कित्येक दिवस आम्ही काठावर उभे राहून काय पाहिलं ते इथे लिहिणार नाही.

त्या पुलावरून वाहतूक चालू होती. कोणी बंद केला नाही, कोणी अडवलंही नाही. म्हणून "पूल बंद करू नका" हे वाक्य वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. धागाकर्त्यांनी तसं म्हटलेलं नाही, त्यांचा मुद्दा वेगळा आहे हे समजलंय. तरी ज्यांचं म्हणणं नुसतं "बंद नको" एवढंच असतं, त्यांनी आमच्याकडे यावं आणि ज्या घरातला माणूस त्या एसटीत होता त्या घरी बसून बोलावं. या वर्षी जूनमध्ये मावळात कुंडमळ्याचा पूल पडला, तोही धोकादायकच होता.

अजून एक. आमचा नवा पूल पुढच्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला, साधारण दहा महिन्यांत. मनात आणलं तर होतं.

---

गर्डर
१४ सप्टेंबर, ५:१०

@सावित्रीकाठ, तुमच्या पहिल्या परिच्छेदापुढे काही बोलायची माझी पात्रता नाही. फक्त शेवटच्या ओळीबद्दल: नदीवर चोवीस तास काम करता येतं, रुळांवर नाही. वेगातला निम्मा फरक तिथेच पडतो.

---

डिलाईल_रोड
१४ सप्टेंबर, रात्री ९:४८

आमचं लोअर परळला दुकान आहे, वडिलांपासूनचं. २४ जुलै २०१८ ला आमचा पूल बंद झाला. त्याच महिन्यात, तीन जुलैला अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग पडला होता, सगळीकडे तपासण्या सुरू झाल्या आणि आमचा पूल धोकादायक ठरला. पहिल्या सकाळी स्टेशनबाहेर इतकी गर्दी साचली की माणसं रस्त्यावर बसली. काम रेल्वेचं की महापालिकेचं, पाडायचं कोणी, बांधायचं कोणी, पैसे कोणाचे, यात किती महिने गेले ते आम्ही मोजायचं सोडून दिलं. पूर्ण पूल २३ नोव्हेंबर २०२३ ला खुला झाला. पाच वर्षं आणि चार महिने.

मधे कोविड आला, ते खरं. पण कोविडच्या आधीची दीड वर्षं आणि नंतरची वर्षं कुठे गेली?

आमच्या पट्ट्यातली दुकानं पायी येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालायची. चहा, वडापाव, झेरॉक्स, चपला शिवणारा, ब्लाउजचा टेलर. ऑफिसला जाता-येता माणूस थांबायचा. पूल गेला आणि वाट बदलली. वाट बदलली की गिऱ्हाईक परत येत नाही, पूल परत आला तरी. टेलर गावी गेला. झेरॉक्सवाल्याने दुकान भाड्याने दिलं. नुकसानभरपाई हा शब्द आमच्यासाठी कोणी काढला नाही, कारण आमची एक वीटसुद्धा पाडली नव्हती.

गिरणगावकर, तुम्ही दोन वर्षं असं लिहिलंय. ती तारीख कोणी कागदावर, सही-शिक्क्यासह दिली आहे का, ते आधी बघा. आम्हाला तोंडी तारखा पुष्कळ मिळाल्या.

---

गिरणगावकर
१४ सप्टेंबर, १०:१५

@डिलाईल_रोड, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती त्या टेलरला ओळखायची.

@गर्डर, विरोधामुळे महिने गेले हे मान्य. पण त्या महिन्यांत आमच्याशी बोलायला कोण होतं? मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकच नाहीत. पूल एफ दक्षिण आणि जी दक्षिण विभागांच्या हद्दीवर. पूर्वी दोन्हीकडचे नगरसेवक सभागृहात तरी भांडले असते. वाहतूक पोलिसांनी एप्रिलमध्ये हरकती मागवल्या होत्या, तेवढंच. मी लेखी हरकत दिली होती, पायवाटेबद्दलच. उत्तर आलं नाही.

---

चाळीतली
१५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

इथे सगळे चालणाऱ्यांबद्दल बोलताहेत, ते बरोबरच आहे. पण एप्रिलमधली पहिली ठिणगी घरांची होती, ते विसरू नका.

सुरुवातीला पुलालगतच्या १९ इमारती जाणार असं होतं. आमची त्यात होती. माझ्या सासऱ्यांनी गिरणीत नोकरी करताना ही खोली घेतली. संप आला, गिरणी गेली, खोली राहिली. त्या खोलीवर दोन पिढ्या उभ्या राहिल्या. पुढे आराखडा बदलला, १७ इमारती वाचल्या, दोन जाणार असं ठरलं, ८३ कुटुंबं. आमची वाचलेल्यांत आहे. म्हणजे आधी "शक्यच नाही" असं सांगितलेलं लोकांनी अडवल्यावर शक्य झालं. म्हणून गर्डर दादा, "विरोधामुळे महिने गेले" या वाक्यात त्या महिन्यांनी काय वाचवलं तेही लिहा.

आणि वाचलो म्हणजे सुटलो असं नाही. घराला हादरे बसणार, खिडकीसमोरून जोडरस्त्याच्या गाड्या जाणार. शेजारच्या दोन इमारतींतली माणसं विचारतात की जवळपासच घर मिळेल ना, लेखी कधी मिळेल. त्यांच्यातल्या एका मावशींनी या वर्षी गणपती बसवताना म्हटलं, "पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचं, पण कोणत्या पत्त्यावर?" आम्ही सगळ्या गप्प झालो.

गणपती होईपर्यंत थांबले, एवढी मेहेरबानी केली. लालबाग, करी रोड, चिंचपोकळीच्या गर्दीत पूल बंद केला असता तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

---

गर्डर
१५ सप्टेंबर, ८:०५

@चाळीतली, ताई, बरोबर आहे तुमचं. ते वाक्य अर्धवट होतं.

---

काळी_पिवळी
१५ सप्टेंबर, दुपारी १:५०

आमच्या भावाची टॅक्सी आहे, मी पण चालवतो. आज पावसात चिंचपोकळीला पाऊण तास उभा होतो. वाहतूक कशी वळवली आहे ते लिहितो, लोक गोंधळतात.

दादरचा टिळक पूल दोन्ही बाजूंनी. करी रोडचा पूल (महादेव पालव मार्ग) सकाळी ७ ते दुपारी ३ फक्त भारतमाताकडून शिंगटे मास्तर चौकाकडे, म्हणजे पूर्वेहून पश्चिमेला. दुपारी ३ ते रात्री ११ उलट दिशेने. रात्री ११ नंतर दोन्ही बाजूंनी. वरळी, सी लिंक, कोस्टल रोडला जायचं तर चिंचपोकळीचा पूल. म्हणजे सकाळी प्रभादेवीहून केईएमला जायचं तर करी रोड चालत नाही, टिळक पूल किंवा चिंचपोकळी. गिरणगावकर शनिवारी करी रोडवरून सकाळी कसे गेले कळलं नाही, पहिल्या दिवशी गोंधळ होता म्हणून असेल.

सकाळी पेशंट पश्चिमेहून पूर्वेला जातो आणि आमचा जवळचा पूल सकाळी उलट्या दिशेचा. ऑफिसची गर्दी बघून वेळ ठरवली, इस्पितळाची वेळ बघितली नाही.

किमान भाडं ३१ रुपये. पूल होता तेव्हा स्टेशन ते इस्पितळ तेवढ्यातच व्हायचं. आता मीटर किती पडेल ते सिग्नलवर. पेशंट मीटरकडे बघत बसतो, मला बघवत नाही. काही वेळा मीच मीटर बंद करतो. रोज नाही परवडत.

---

गिरणगावकर
१५ सप्टेंबर, २:३०

@काळी_पिवळी, चूक माझी. आईला विचारलं, येताना दुपारी करी रोडवरून आलो, जाताना टॅक्सीवाल्याने दादरला नेऊन टिळक पुलावरून घातलं होतं. दुरुस्तीबद्दल आभार. आणि इस्पितळाच्या वेळेचा तुमचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. तो लेखी द्यायला हवा.

---

शीव_स्टेशन
१५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१५

शीवचा पूल १९१२ चा. रेल्वेच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी जागा हवी आणि पूलही थकलेला. जानेवारी २०२४ पासून बंद होणार-होणार चाललं होतं. एकदा लोकांच्या विरोधामुळे पुढे ढकलला, एकदा दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे. शेवटी १ ऑगस्ट २०२४ ला बंद. अजून बंदच आहे.

मी शाळेत शिकवते. परीक्षांसाठी थांबले याचा आम्हाला आनंद झाला होता. पण परीक्षा वर्षातून एकदा आणि शाळा रोज. धारावीच्या बाजूने येणारी मुलं आता किती आधी निघतात ते मी हजेरीच्या वेळी बघते. पुढे ढकलण्याच्या सहा महिन्यांत कोणी त्या मुलांची वाट आखली नाही. आम्हीही मागितली नाही. आम्ही फक्त तारीख पुढे मागितली, आणि तारीख मिळाली. ती चूक आमची होती, असं मला आता वाटतं.

अवांतर वाटेल, पण शीवचा बंद असताना परळचाही बंद करायचा हे ठरवताना दोन्ही नकाशे एकाच टेबलावर होते का?

---

माझगावकर
१५ सप्टेंबर, ८:४०

हँकॉक पूल. जानेवारी २०१६ मध्ये पाडला, ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली. मधली साडेसहा वर्षं शाळेची मुलं, बायका, म्हातारी माणसं रूळ ओलांडून जायची, कारण पायी जायला दुसरं काही ठेवलंच नव्हतं. अपघात झाले, माणसं गेली. प्रकरण हायकोर्टात गेलं.

गिरणगावकर जे मागताहेत ते न दिल्यावर काय होतं, याचं उत्तर आमच्याकडे आहे. माणूस लांबचा रस्ता धरत नाही, जवळचा धोका पत्करतो.

---

अंधेरी_पूर्व
१५ सप्टेंबर, १०:०२

गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद, पूर्ण खुला ११ मे २०२५ ला. मधे फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू सुरू झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंचीच जुळेना. मग बर्फीवाला पूल उचलून जोडला, त्यात जुलै उजाडला. नकाशे आधीच मागून बघा, एवढंच सांगतो. खालचा मजला आंबेडकर मार्गाला आणि बापट मार्गाला नक्की कुठे टेकणार, पदपथ किती रुंद आहे, तो दोन्ही बाजूंना आहे का.

---

रात्रपाळी
१६ सप्टेंबर, सकाळी ९:३०

आत्ता ड्यूटी संपवून परत निघाले आहे, लोकलमध्ये बसून लिहिते. एक विचारायचं आहे. २०१७ च्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने एल्फिन्स्टनला पादचारी पूल बांधला होता ना? करी रोडला आणि आंबिवलीलाही. किती दिवस लागले होते?

---

गिरणगावकर
१६ सप्टेंबर, १०:१०

३१ ऑक्टोबर २०१७ ला जाहीर झालं, २७ फेब्रुवारी २०१८ ला पूल खुला. चार महिन्यांच्या आत.

हे लिहिता लिहिता मी थांबलो आणि बोटांवर मोजलं. २५ एप्रिलला आम्ही पूल बंद होऊ दिला नाही. १२ सप्टेंबरला तो बंद झाला. मधे साडेचार महिने. याच स्टेशनात, याच रुळांवर, दोन्ही रेल्वेंच्या संमतीने पादचारी पूल उभा राहायला लागले त्याहून जास्त दिवस आमच्या हातात होते आणि त्यांच्याही.

गर्डर, तुम्हीच सांगा. चुकतंय का काही?

---

गर्डर
१६ सप्टेंबर, रात्री ११:२०

दिवसभर यावरच विचार करत होतो.

तुमचं गणित बरोबर आहे. काही फरक सांगतो, पळवाट म्हणून नाही, मागणी पक्की व्हावी म्हणून. लष्कराचा पूल बेली पद्धतीचा, तयार सुटे भाग जोडून केलेला. त्याला जिने होते. तुम्हाला हवा आहे तो उतार, म्हणजे रॅम्प. पुलाची उंची वायरच्या वर ठेवायची, आणि उतार इतका सौम्य ठेवायचा की व्हीलचेअर माणसाला ढकलता यावी. प्रत्येक मीटर चढायला साधारण बारा मीटर लांबी लागते, आणि मधे विसाव्याचे सपाट तुकडे. अशी लांबी दोन्ही टोकांना या भागात मिळत नाही. म्हणून "रॅम्प द्या" अशी मागणी केलीत तर "जागा नाही" असं उत्तर येईल आणि फाइल बंद होईल.

लिफ्ट मागा. दोन्ही टोकांना स्ट्रेचर मावेल एवढी मोठी लिफ्ट, लिफ्टमन आणि वीज गेली तर जनरेटर. त्याला जागा खोलीएवढी लागते. जुने गर्डर उतरवायला क्रेन जिथे लागणार ती जागा सोडून, उत्तरेला किंवा दक्षिणेला थोडं सरकून हा पूल उभा करता येतो. रेल्वेच्या आहे त्या पादचारी पुलाला जोड दिली तर आणखी लवकर होईल. आणि त्या पुलावर तिकीट नसलेल्या माणसाला अडवणार नाही, हे लेखी हवं. आज एखाद्या तपासनीसाने इस्पितळात निघालेल्या माणसाला अडवलं तर त्याने काय दाखवायचं?

पहिल्या दिवशी मी जे लिहिलं त्यातलं पूल पाडण्याबद्दलचं काही मागे घेत नाही. पण पायवाटेचं काम आधी करता आलं असतं, हे अभियंता म्हणून मला मान्य करायला हवं. आमच्या कामाच्या आराखड्यात "वाहतूक वळवणे" असं कलम असतं. त्यात गाड्या मोजतात. चालणारी माणसं मोजायची पद्धत मी तरी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

---

कागदपत्र
१७ सप्टेंबर, सकाळी ८:००

धागा पहिल्यापासून वाचला. माहिती अधिकाराचे अर्ज करत आलो आहे, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

२००५ च्या कायद्याखाली दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. अर्जात "का" विचारू नका, "का"ला उत्तर द्यायचं बंधन नाही. कागद मागा. कामाच्या आदेशाची प्रत, त्यातली पूर्ण करण्याची तारीख, उशीर झाल्यास दंडाचं कलम. पूल बंद करण्याआधी पायी जाणाऱ्यांची मोजणी केली असल्यास तिचा अहवाल. एप्रिलमध्ये आलेल्या हरकतींची नोंदवही आणि प्रत्येकीवर काय शेरा मारला ते. खालच्या मजल्याचा आराखडा, पदपथाच्या रुंदीसह. काम एमएमआरडीएचं (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), रस्ते महापालिकेचे, रूळ दोन रेल्वेंचे, वाहतूक पोलिसांची. अर्ज पाचही ठिकाणी वेगवेगळे द्या, नाहीतर एकमेकांकडे पाठवत बसतात.

मोजणीचा अहवाल निघाला नाही, तर तुम्ही स्वतः मोजा. तारीख, वेळ, जागा आणि मोजणाऱ्याची सही असली की तो कागद होतो.

---

चाळीतली
१७ सप्टेंबर, ८:४५

मोजायला मी येते. आमच्या चाळीतल्या आणखी चार जणी येतील. त्या दोन इमारतींतल्या मावशीसुद्धा येते म्हणाल्या.

---

काळी_पिवळी
१७ सप्टेंबर, ९:३०

सोमवारी घट बसतात. नवरात्रात सकाळची गर्दी बदलते, त्याआधी मोजा.

---

गिरणगावकर
१७ सप्टेंबर, १०:२०

मग उद्या आणि परवा, गुरुवार-शुक्रवार. सकाळी ७ ते ११, कारण ओपीडीची माणसं त्याच वेळात येतात. प्रभादेवीच्या बाजूला जिन्याच्या तोंडाशी मी आणि शेजारचे दोघं. परळच्या बाजूला चाळीतली ताई आणि त्यांच्या मैत्रिणी. कागदावर चार रकाने केले आहेत: एकूण माणसं, काठी किंवा वॉकर असलेली, कडेवर मूल असलेली, आणि हातात इस्पितळाचा कागद किंवा एक्स-रे दिसतो अशी. कोणाचं नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही, वाट अडवायची नाही.

काळी_पिवळी, तुमची इस्पितळाच्या वेळेची गोष्ट वेगळ्या अर्जात टाकतो आहे, आज रात्री मसुदा इथेच डकवीन. गर्डर, लिफ्टचं माप तुम्ही लिहून द्या, तुमच्या शब्दांत. रात्रपाळी ताई, रात्रपाळी संपवून थेट झोपायला जा, तुम्ही यायची गरज नाही.

आईने विचारलं की तिने काय करायचं. ती शुक्रवारी येणार आहे. जिन्याखाली खुर्ची टाकून बसेल आणि चौथा रकाना भरेल. एक्स-रेचं पाकीट लांबून ओळखता येतं, म्हणते.

---

रात्रपाळी
१७ सप्टेंबर, ११:०५

मी येते. सातला सुटते, सव्वासातला तिथे असेन. आईंच्या शेजारी अजून एक खुर्ची ठेवा.